स्टुडंट लोन कन्सॉलिडेशन करून देणारी ‘हेल्प’ कंपनी: ५ पैकी शून्य, आणि तेच काम फुकट कुठे होतं

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, स्टुडंट लोन असलेल्या सगळ्यांनी आणि ज्यांची मुलं इथे शिकून नुकतीच नोकरीला लागलीयेत अशा आईबाबांनी हे प्लीज पूर्ण वाचा, मोठं झालंय पण कामाचं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, एकतर तक्रार अजून चालू आहे आणि दुसरं म्हणजे नाव देऊन काही उपयोग नाही, हे लोक बोर्ड बदलत राहतात, आज या नावाने उद्या त्या नावाने, पद्धत मात्र जशीच्या तशी. म्हणून हा रिव्ह्यू त्या पद्धतीचा समजा.

माझी भाची न्यू जर्सीत वाढली, ग्रीन कार्ड आहे त्यामुळे फॅफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरून तिला फेडरल लोन मिळालं, मे २०२४ मधे डिग्री झाली. पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग पुढची दोन वर्षं ७,५०० - ७,५००, एकूण २७,००० डॉलर. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या अंडरग्रॅड मुलांना वर्षाला जास्तीत जास्त एवढंच मिळतं त्यामुळे इथल्या बऱ्याच मराठी घरात साधारण हाच आकडा ऐकू येईल. त्याशिवाय थोडं स्टेटचं एनजेक्लास लोन. सहा महिन्यांचा ग्रेस पिरियड संपला, हप्ते चालू झाले, पगार वर्षाला ४८,०००, रूममेटबरोबर राहते, भाडं गाडी इन्शुरन्स जाऊन हातात फार काही उरत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात तिला फोन आला, “तुमचं लोन फॉरगिव्हनेससाठी (माफीसाठी) प्री-अप्रूव्ह झालंय, प्रोग्रॅम बंद व्हायच्या आत आज फाइल सबमिट करावी लागेल.”

आता कोणी म्हणेल एवढ्या शिकलेल्या मुलीला कळलं कसं नाही. तर जरा त्या वेळचं चित्र बघा. मार्च २०२० पासून कोविडमुळे हप्ते थांबलेले, ऑगस्ट २०२२ मधे बायडन सरकारने १०,००० आणि पेल ग्रँटवाल्यांना (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी सरकारी मदत) २०,००० पर्यंत माफी जाहीर केली, ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, त्याच वर्षी सेव्ह नावाचा उत्पन्नावर आधारित हप्त्याचा नवीन प्लॅन आला आणि हप्तेही परत चालू झाले, मग तो प्लॅन २०२४ मधे कोर्टात अडकला, मे २०२५ पासून डिफॉल्टवाल्यांकडून (ज्यांचे हप्ते बरेच महिने थकलेत) सक्तीची वसुली परत सुरू झाली, आणि ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून रिपेमेंट प्लॅनच बदलायचे ठरले. साधारण ४ कोटींच्या वर लोकांवर मिळून १.६ ट्रिलियन डॉलरचं फेडरल लोन आहे आणि त्यातल्या बहुतेकांना आज नेमका कुठला नियम लागू आहे हे धड सांगता येणार नाही. अशा वेळी कोणी ठामपणे “तुमचं काम झालंय” म्हणालं की माणूस ऐकतो. यात मूर्खपणा काही नाही, तिची चूकही मी मानत नाही, हे लोक धंदाच त्या गोंधळावर करतात.

सर्विस काय होती ते सांगतो. फी ८९९ डॉलर, “डॉक्युमेंट प्रिपरेशन”च्या नावाखाली, तीन हप्त्यांत, पहिला हप्ता तिथल्या तिथे फोनवर डेबिट कार्डाने. मग दर महिना ३९ डॉलर बँक अकाउंटमधून आपोआप. त्याबदल्यात ते काय करणार, तर फेडरल लोन्स एकत्र करायचा (म्हणजे कन्सॉलिडेशनचा) अर्ज आणि उत्पन्नावर आधारित हप्त्याचा अर्ज असे दोन फॉर्म भरणार. दोन्ही फॉर्म शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर फुकट आहेत, दोन्ही आपले आपण भरता येतात, आणि अडलं तर सर्व्हिसरचा, म्हणजे सरकारच्या वतीने हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीचा, माणूस फोनवर फुकट मदत करतो. बाकी काहीही या कंपनीच्या हातात नसतं. लोन माफ करायचा अधिकार त्यांना नाही, व्याज कमी करायचा नाही, सरकारमधे त्यांची कुठलीही “स्पेशल लाइन” नाही.

पण ८९९ डॉलर हे मला यातलं सगळ्यात कमी नुकसान वाटतं, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो. खरं नुकसान वेगळंच आहे, या लोकांनी तिला तिच्याच लोनच्या बाहेर काढून ठेवलं होतं.

ती माझ्याकडे आली ती वेगळ्याच कारणाने, क्रेडिट कार्डाचं काहीतरी विचारायला, बोलता बोलता म्हणाली मामा माझं लोन आता फक्त ३९ डॉलर झालंय महिन्याला. मी म्हटलं सत्तावीस हजारावर ३९? व्याजच त्याच्या दुप्पट-अडीचपट होतं महिन्याचं. “नाही ना मामा, तो म्हणाला हाच माझा नवीन हप्ता आहे, २४० महिने भरला की बाकी माफ.” लॅपटॉप उघडून ॲग्रीमेंट बघितलं. ई-साइनवालं, पानंच्या पानं, प्रत्येक पानावर खाली तिची आद्याक्षरं, आणि सह्यांच्या वेळा बघितल्या तर सगळं ॲग्रीमेंट फोन चालू असताना दोन-तीन मिनिटांत क्लिक करून घेतलेलं. मधल्या एका पानावर बारीक अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं की कंपनीचा शिक्षण खात्याशी काही संबंध नाही, हे काम ग्राहक स्वतः विनामूल्य करू शकतो, आणि कंपनीला दिलेली कुठलीही रक्कम लोनच्या परतफेडीत धरली जाणार नाही. म्हणजे ३९ मधला एक सेंटही लोनला लागत नव्हता. फोनवर एक सांगायचं आणि कागदावर उलटं लिहून सही घ्यायची, सगळा खेळ हा आहे.

मग म्हटलं चल लोनचं खरं अकाउंट उघड. स्टुडंटएड डॉट गव्ह वर तिचा पासवर्ड चालेना. रिसेट केला तर कोड कुठल्या तरी भलत्याच ईमेलवर जायला लागला, तो ईमेल तिचा नव्हताच. फोनवर “फाइल उघडायला लागते” असं म्हणून तिच्याकडून एफएसए आयडी, म्हणजे त्या साइटचं युजरनेम आणि पासवर्ड, दोन्ही घेतले होते आणि मग ईमेल फोन पत्ता सगळं बदलून टाकलं होतं. ही गोष्ट नीट समजून घ्या, एफएसए आयडी म्हणजे नुसतं लॉगिन नाहीये, फेडरल लोनच्या कागदांवर ती तुमची कायदेशीर सही असते. तो दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे सही केलेला कोरा चेक देणं. शिक्षण खातं कधीच तो मागत नाही, सर्व्हिसर मागत नाही, कॉलेज मागत नाही. जो मागतो तो चोर, इथे दुसरी शक्यताच धरू नका.

१-८००-४३३-३२४३ हा शिक्षण खात्याच्या स्टुडंट एडचा हेल्प नंबर, तिथे फोन करून ओळख पटवून अकाउंट परत ताब्यात घेतलं. थांबायला खूप लागलं पण पलीकडची बाई चांगली होती, समजावून सांगत होती, आणि असे फोन तिला रोज येत असावेत हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं.

अकाउंट उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्ही वाईट.

एक, कन्सॉलिडेशन खरंच झालेलं होतं. चार वर्षांची लोन्स एकत्र करून एकच नवीन लोन. कन्सॉलिडेशन पूर्ण व्हायच्या आधी सर्व्हिसर कळवतो की ही ही लोन्स एकत्र करतोय, नको असेल तर या तारखेच्या आत सांगा. ते पत्र गेलं एजन्सीच्या ईमेलवर, तिला पत्ताच नाही. आणि एकदा झालं की झालं, परत सुटी करता येत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. उत्पन्नावर आधारित हप्त्याच्या अर्जात फॅमिली साइझ ५ टाकलेला. मुलगी अविवाहित, एकटी कमावती, मूलबाळ नाही. मी विचारलं हे पाच जण कोण, ती नुसती बघत राहिली. हिशोब असा आहे की आयबीआर (उत्पन्नावर आधारित हप्ता) प्लॅनमधे गरिबी रेषेच्या दीडपट रक्कम उत्पन्नातून वजा करतात आणि राहिलेल्याचे १० टक्के वर्षभरात भरायचे असतात (जुन्या लोनवाल्यांना १५). २०२५ ला एका माणसाची गरिबी रेषा १५,६५०, दीडपट २३,४७५, तिच्या ४८,००० मधून वजा केले की २४,५२५ उरतात, त्याचे १० टक्के भागिले बारा म्हणजे महिना सुमारे २०४ डॉलर. पाच माणसांची रेषा ३७,६५०, दीडपट होतात ५६,४७५, ते तिच्या पगारापेक्षा जास्त म्हणून हप्ता शून्य! आणि मग हाच शून्य दाखवून “बघा तुमचं काम केलं, आता फक्त आमचे ३९” असं सांगायचं. अमेरिकन सरकारच्या फॉर्मवर खोटी माहिती, आणि सही कोणाची तर तिची. एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी फेडरल संस्था) अशा कंपन्यांवर ज्या केसेस केल्या त्यात फॅमिली साइझ फुगवण्याचा आरोप परत परत आलाय, म्हणजे ही एखाद्या एजंटची टायपिंग मिस्टेक वगैरे नाही, धंद्याची ठरलेली रीत आहे. शिवाय हप्ता शून्य असताना व्याज चढतच राहतं. माफी मिळायची ती २० वर्षांनी, तीही दरवर्षी उत्पन्नाची माहिती अपडेट होत राहिली तर. तोपर्यंत ही कंपनी राहणार आहे का?

हे सगळं बघितल्यावर मला जेवढा राग आला तेवढा पैसे गेल्याचा कधीच आला नसता.

आता त्याच कामाच्या फुकट सर्विसचा रिव्ह्यू, कारण तो कोणी लिहित नाही आणि म्हणून लोक एजन्सीकडे जातात. स्टुडंटएड डॉट गव्ह वरचा कन्सॉलिडेशनचा अर्ज बहुतेकांचा अर्ध्या तासाच्या आत भरून होतो असं साइटच सांगते आणि ते खरं आहे, मी नंतर माझ्या एका मित्राच्या बायकोचा भरताना शेजारी बसून बघितलाय. लॉगिन केल्यावर तुमची फेडरल लोन्स समोर आपोआप येतात, कुठली घ्यायची कुठली सोडायची त्यावर टिक करायची, सर्व्हिसर निवडायचा (नेलनेट, मोहेला, एडव्हान्टेज, एडफायनान्शियल वगैरे), रिपेमेंट प्लॅन निवडायचा, ओळखीच्या दोन माणसांची नावं द्यायची, सही. फी शून्य. नंतर दीड-दोन महिन्यात काम होतं, तोपर्यंत जुने हप्ते भरत राहायचे. साइटची भाषा सरकारी आहे, एकेक पान दोनदा वाचावं लागतं, पण कुठेही फसवणूक नाही. माझ्याकडून ५ पैकी ४. सर्व्हिसरच्या फोन हेल्पला ३, होल्डवर फार ठेवतात, पण माहिती बरोबर देतात आणि त्यांचा पगार शिक्षण खातं देतं, तुम्ही नाही.

आणि मुळात कन्सॉलिडेशन करायचं का, हा प्रश्न कुठलीच एजन्सी विचारत नाही. कन्सॉलिडेशनने व्याज कमी होत नाही, हे लोकांच्या डोक्यातून काढणं सगळ्यात कठीण. नवीन दर म्हणजे जुन्या दरांची भारित सरासरी आणि ती वर एक अष्टमांश टक्क्यापर्यंत गोल केलेली. भाचीचे दर २.७५, ३.७३, ४.९९ आणि ५.५०. रकमेच्या प्रमाणात सरासरी काढली की ४.३७ च्या आसपास येते, गोल करून ४.३७५. म्हणजे फायदा काही नाही, किंचित वाढच. एजंटने तिला “रेट लॉक करून देतो” म्हणून विकलं होतं! अहो तिचे सगळे दर आधीच फिक्स्ड होते, फेडरल डायरेक्ट लोनचा दर कर्ज घेतलं त्या वर्षी ठरतो तो शेवटपर्यंत तोच राहतो.

मग हप्ता कमी कसा दिसतो? मुदत वाढवून. २७,००० दहा वर्षांत फेडायचे तर महिना साधारण २७८ डॉलर, एकूण ३३,४०० च्या आसपास जातात. कन्सॉलिडेशनच्या तेव्हाच्या नियमाने या रकमेला २० वर्षांची मुदत मिळते, हप्ता १६९ होतो, ऐकायला छान वाटतं, पण एकूण जातात साडेचाळीस हजारांच्या वर. सात हजार डॉलर जास्त. शिवाय चार वेगळी लोन्स असताना जास्तीचे पैसे आधी ५.५० वाल्यावर टाकून ते लवकर संपवता येतं, एक केल्यावर ती सोय गेली, आणि न भरलेलं व्याज असेल तर ते मुद्दलात मिसळतं. तिची सगळी लोन्स एकाच सर्व्हिसरकडे होती, बिल आधीही एकच येत होतं, त्यामुळे “एकच हप्ता” या फायद्यालाही तिच्या बाबतीत काही अर्थ नव्हता.

काहींना कन्सॉलिडेशन खरंच लागतं. लोन डिफॉल्टमधे गेलं असेल, म्हणजे २७० दिवस हप्ता नाही, तर बाहेर पडायचा तो एक रस्ता आहे. जुनी एफएफईएल किंवा पर्किन्स प्रकारची फेडरल लोन्स असलेल्यांना पीएसएलएफ, म्हणजे सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करून १२० हप्त्यांनंतर मिळणारी माफी, हवी असेल तर आधी ती डायरेक्ट लोनमधे आणावी लागतात. आईबाबांनी पॅरंट प्लस (मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावावर फेडरल लोन) घेतलं असेल तर त्यांचा विचार वेगळा, आणि १ जुलै २०२६ च्या बदलांमुळे त्यांनी सर्व्हिसरशी स्वतः बोलूनच काय ते ठरवावं. पण यातलं काहीही असलं तरी अर्ज फुकटच.

एनजेक्लासचं पण विचारलं मी भाचीला. एजंट म्हणाला होता ते पण घेऊ यात. साफ खोटं, स्टेटची आणि प्रायव्हेट लोन्स फेडरल कन्सॉलिडेशनमधे घेताच येत नाहीत. प्रायव्हेट कंपनी रिफायनान्स करून देते (जुनं लोन फेडून स्वतःचं नवीन देते) ती गोष्ट वेगळी, तो कायदेशीर धंदा आहे, क्रेडिट चांगलं असेल तर दर कमी पण मिळू शकतो, पण फेडरल लोन एकदा तिकडे नेलं की उत्पन्नावरचे हप्ते, पीएसएलएफ, सगळे फेडरल हक्क कायमचे गेले. एजंट लोक कन्सॉलिडेशन आणि रिफायनान्स हे दोन्ही शब्द मुद्दाम एकमेकात मिसळून बोलतात, कोणी तसं बोलायला लागलं की फोन ठेवा.

ओळखायचं कसं, तर मला विचाराल तर तीन गोष्टी पुरतात. आधी पैसे मागणं हे सगळ्यात मोठं. फोनवरून कर्जमुक्तीची सर्विस विकणाऱ्यांनी काम व्हायच्या आधी फी घेणं एफटीसीच्या नियमाने २०१० पासून बेकायदेशीर आहे, म्हणजे ज्या क्षणी तिचं कार्ड स्वाइप झालं त्या क्षणीच नियम मोडला होता. मग एफएसए आयडी मागणं, त्याबद्दल वर बोललो. आणि तिसरं म्हणजे “सर्व्हिसरचे फोन घेऊ नका, त्यांना हप्ता भरू नका, आता आम्ही बघतो” हे वाक्य. ही सगळ्यात घातक सूचना, कारण सर्व्हिसरशी बोललात की पाच मिनिटांत यांचं बिंग फुटतं, म्हणून तुम्हाला त्याच्यापासून तोडायचं असतं. तिकडे हप्ते थकले की क्रेडिट स्कोअर जातो आणि पुढे डिफॉल्ट झालं तर पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापून घेऊ शकतात, टॅक्स रिफंड अडवू शकतात. बाकी नावात फेडरल नॅशनल असणं, गरुडाचा शिक्का, “आज शेवटचा दिवस”, हे सगळं असतंच. आणि हो, त्यांना तुमच्या लोनचा अंदाजे आकडा किंवा कॉलेजचं नाव माहीत असतं म्हणून हुरळून जाऊ नका, असा डेटा विकत मिळतो.

सरकार झोपलंय असं मात्र म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१७ मधे एफटीसी आणि राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी मिळून ‘ऑपरेशन गेम ऑफ लोन्स’ केलं, एकूण ३६ कारवाया, आणि या लोकांनी ९.५ कोटी डॉलरच्या वर बेकायदा फी उकळल्याचा आरोप. डिसेंबर २०२० मधे वेगळा कायदाच झाला, फसवून दुसऱ्याच्या लॉगिनने शिक्षण खात्याच्या सिस्टिममधे घुसलात तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. पण एक कंपनी बंद केली की तोच स्टाफ शेजारच्या बिल्डिंगमधे नवीन नावाने बसतो, आणि गेलेले पैसे मिळायला वर्षं जातात, मिळाले तरी थोडेच. त्यामुळे आधी सावध राहणं एवढंच आपल्या हातात.

कोणी आधीच अडकलं असेल तर आम्ही ज्या क्रमाने केलं तो क्रम चांगला लागू पडला. पहिलं अकाउंट ताब्यात, पासवर्ड ईमेल फोन तिन्ही बदलायचे. मग सर्व्हिसरला फोन करून “माझ्या वतीने कोणालाही बोलायची परवानगी नाही, आधीची ऑथोरायझेशन किंवा पॉवर ऑफ ॲटर्नी रद्द करा” असं सांगायचं आणि लेखी पण पाठवायचं, पत्ता नीट करून घ्यायचा. त्याच फोनमधे आम्ही फॅमिली साइझ चुकीचा आहे हे स्वतःहून सांगितलं, ती घाबरत होती, म्हणत होती मामा मलाच पकडतील, पण सर्व्हिसरच्या माणसाने सांगितलं की बरं केलं तुम्हीच कळवलंत, आणि नवीन अर्ज भरून घेतला. हे लपवू नका, जितके महिने जातील तितकं निस्तरणं अवघड. मग बँक, ३९ डॉलरचं ऑटो-डेबिट थांबवायला स्टॉप पेमेंट, आणि कार्डावरच्या पैशांचा डिस्प्यूट. सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्याकडे आहे म्हणून इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्यूरोंकडे क्रेडिट फ्रीझ (म्हणजे तुमच्या नावावर कोणी नवीन कर्ज काढू शकत नाही), ते २०१८ पासून फुकट आहे. आणि तक्रारी एफटीसीकडे, सीएफपीबीकडे (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणारी फेडरल संस्था), राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे. न्यू जर्सीवाल्यांसाठी राज्याचा स्टुडंट लोन ओम्बड्समन (तक्रारी सोडवणारा अधिकारी) आहे, त्याचा उपयोग करा.

या सगळ्यात कंपनीची कस्टमर सर्विस कशी होती ते राहिलं. पैसे घ्यायच्या आधी फोन पहिल्या रिंगला उचलायचे. कॅन्सल करायचंय म्हटल्यावर “तुमचा केस मॅनेजर बदललाय”, “रिफंड डिपार्टमेंट उद्या फोन करेल”, मग धमकी, कॅन्सल केलंत तर सरकार पूर्ण रक्कम एकदम मागेल. हे ऐकून कोणी परत गप्प बसेल म्हणून स्पष्ट सांगतो, असं काहीही होत नाही. त्यांच्याशी करार मोडल्याने तुमच्या लोनवर शून्य परिणाम होतो.

अजून एक, खास आपल्या भारतातून आलेल्या मुलांसाठी. एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर असाल तर तुमच्याकडे फेडरल लोन असूच शकत नाही, ते सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि अजून काही मोजक्या लोकांनाच मिळतं. तुमचं कर्ज इकडच्या प्रायव्हेट कंपनीचं किंवा तिकडे स्टेट बँक, बँक ऑफ बडोदा असल्यांचं. त्यामुळे “युअर फेडरल लोन” म्हणून फोन आला की तो शंभर टक्के बोगस, नीट बोलायची पण गरज नाही. घरी पुण्या-नाशिकला आईबाबांना पण सांगून ठेवा, कारण एज्युकेशन लोन कमी व्याजाच्या बँकेत ट्रान्सफर करून देतो म्हणून आधी “फाइल चार्ज” मागणारे एजंट तिकडेही आहेत. बँक बदलायची असेल तर नवीन बँकेच्या ब्रँचमधे जाऊन थेट विचारा, आणि व्यक्तीने घेतलेल्या, धंद्यासाठी नसलेल्या फ्लोटिंग रेटच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकेला लावता येत नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा, एजंट हाच “दंड वाचवून देतो” म्हणून पैसे घेतो.

भाचीचं आत्ताचं स्टेटस: कार्डावर भरलेल्यातला पहिला हप्ता बँकेने परत मिळवून दिला, बाकीचे अजून डिस्प्यूटमधे. ३९ चे जे गेले ते गेले. लोन आता एकच झालंय ते तसंच राहणार, पण फेडरल लोन लवकर फेडल्याबद्दल दंड नसतो, त्यामुळे बिल कमी रकमेचं आलं तरी ती २८० डॉलर भरते, म्हणजे २० ऐवजी १० वर्षांतच संपेल. सर्व्हिसरला लिहून दिलंय की जास्तीचे पैसे पुढच्या महिन्याचा हप्ता म्हणून न धरता मुद्दलातून कमी करा. हे सांगितलं नाही तर सर्व्हिसर “पेड अहेड” (पुढचा हप्ता आधीच भरला असं) करून ठेवतात, तेवढं तुम्हीही तुमच्या अकाउंटमधे एकदा तपासून घ्या.